बैठा त्रिकोण

बालवाडीच्या भिंतीवर फळांचा तक्ता असतो, भाज्यांचा असतो, हात धुण्याच्या पायऱ्यांचा असतो आणि आकारांचा तर असतोच असतो. आकारांच्या तक्त्यातली मंडळी नुसते आकार नसतात. त्यांना डोळे असतात, गालांवर लाली असते, काहींना बूट घातलेले पायही असतात. वर्तुळ खिदळत असतं. चौरस जरा पोक्त दिसतो. आयत नेहमी आडवा झालेला. आणि त्रिकोण जमिनीवर बैठक मारून बसलेला: तिन्ही बाजू सारख्या, बूड सपाट, टोक बरोबर मधोमध आणि आभाळाकडे. मुंबईत तो असाच बसतो, गडचिरोलीतही असाच बसतो. कुशीवर वळलेला त्रिकोण मला अजून कुठल्या तक्त्यावर भेटलेला नाही.

मुलं हा तक्ता बघता बघता पाठ करतात. मग घरी आलेल्या पाहुण्यांसमोर परीक्षा होते. पूर्वी पाहुण्यांपुढे पोरांना कविता म्हणायला लावत, आता भिंतीवरचं घड्याळ दाखवून ‘हा कुठला शेप?’ असं विचारतात. पोर ‘सर्कल’ म्हणतं, पाहुणे ‘अरे वा’ म्हणतात, आई चहाचं आधण ठेवायला जाते. आकार शिकवून झाले, असं सगळ्यांनी मनोमन धरलेलं असतं.

ते झालेले नसतात, हे मला माझ्या नातीनं शिकवलं. ती साडेचार वर्षांची आहे आणि बदाम सात खेळण्यात तरबेज आहे. तिच्यापुढे पुठ्ठ्याचा एक चौरस ठेवला. ‘चौरस,’ ती म्हणाली. तोच पुठ्ठा तिच्या डोळ्यांदेखत थोडा फिरवून टोकावर उभा धरला. ‘आता चौकट.’ पुन्हा सरळ केला. ‘पुन्हा चौरस.’ मधल्या वेळात असं काय झालं, असं मी विचारलं तर तिला माझीच कीव आली. ‘आबा, तूच फिरवलास ना!’

यात तिचं काहीही चुकलं नाही. पत्त्यांतली चौकट टोकावर उभी असते. तक्त्यातला चौरस बुडावर बसतो. तिनं जे पाहिलं ते सांगितलं. एखादी वस्तू फिरवली तरी तीच राहते हे तिला ठाऊक आहे. पण आकार ही वस्तू आहे की तिची बसण्याची तऱ्हा, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. आपण तिला आकार शिकवतोय असं आपल्याला वाटत होतं. प्रत्यक्षात आपण आसनं शिकवत होतो.

ही भानगड फक्त आमच्या घरची नाही. हॉलंडमध्ये पिएर व्हान हील आणि दिना व्हान हील-गेल्डॉफ हे शिक्षक जोडपं होतं. वर्गातल्या मुलांना भूमिती का कळत नाही, या एकाच काळजीपोटी दोघांनी 1957 साली उट्रेख्ट विद्यापीठात आपापले प्रबंध सादर केले. (नवरा-बायकोनं एकाच वर्षी भूमितीवर प्रबंध लिहायचे म्हणजे त्या घरात जेवणाच्या वेळी काय बोलणं होत असेल, याची कल्पना करवत नाही.) त्यांचं म्हणणं साधारण असं, की भूमितीची समज पायऱ्यापायऱ्यांनी येते आणि पहिल्या पायरीवर मूल आकाराचा फक्त चेहरा पाहतं. आजीला ओळखताना ते तिचं नाक मोजत नाही, सुरकुत्या मोजत नाही. आजी दिसली की आजी. तसंच दारासारखं दिसतं म्हणून आयत. बाजू किती, कोन केवढे, हा हिशेब दुसऱ्या पायरीवर सुरू होतो. आणि ‘अमुक गुण असले की तमुक गुण आपोआप येतात’ हे कळायला तिसरी पायरी गाठावी लागते. व्हान हीलांचा यातला सगळ्यात उपयोगी मुद्दा मला असा वाटतो, की या पायऱ्या माणूस वयानं चढत नाही, अनुभवानं चढतो. म्हणजे नुसतं थांबून राहिलं तर पन्नाशीतही माणूस पहिल्या पायरीवर सापडू शकतो. आमच्या सोसायटीच्या सभेत ओट्याच्या फरशीवरून झालेली चर्चा ऐकल्यापासून मला याबद्दल शंका उरलेली नाही.

पहिल्या पायरीवरच्या मुलांची न्यायबुद्धी मजेदार असते. फुगीर बाजूंचा सामोसा त्यांना त्रिकोण म्हणून बेलाशक चालतो, कारण त्याचा एकंदर थाट त्रिकोणाचा. पण तीन सरळ रेघांचा, लांबोडका, हाडकुळा त्रिकोण काढून दाखवा: ‘हा त्रिकोण नाही.’ का नाही? ‘खूपच बारीक आहे.’ टोक खाली असलेला त्रिकोण? ‘तो उलटा आहे.’ म्हणजे त्रिकोण आहे, पण सध्या अडचणीत आहे. रस्त्यावर ‘रस्ता द्या’ अशी सूचना देणारी जी पाटी असते ती नेमकी असा उलटा त्रिकोण असते. ती पाहून कुणी रस्ता देताना दिसत नाही, त्यामागंही बहुधा बालवाडीतला तक्ताच असावा.

माँटेसरीबाईंना हे फार आधी उमगलं होतं. त्यांच्या साहित्यात लाकडी खणांचं एक कपाट असतं. प्रत्येक खणात आकार बसवलेले, मुलानं ते उचलायचे, त्यांच्या कडेवरून बोटं फिरवायची आणि परत जागच्या जागी बसवायचे. त्यात एक अख्खा खण नुसत्या त्रिकोणांचा असतो: समभुज, समद्विभुज, काटकोनी, तिन्ही बाजू वेगवेगळ्या असलेला, एक कोन ऐसपैस पसरलेला. एका मुलाला एकाच वेळी इतके त्रिकोण भेटले की त्रिकोण म्हणजे टोपी, हा गैरसमज जन्मालाच येत नाही. शिवाय डोळ्यांपेक्षा बोटं प्रामाणिक. बोट कडेवरून गेलं की कोपरा आला हे त्यालाच कळतं; तीनदा वळावं लागलं हेही कळतं. टोक वर होतं की खाली, याचं बोटाला सोयरसुतक नसतं.

मात्र हे कपाट महाग. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढं अनुताई वाघांना सोबत घेऊन ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेव्हा परदेशी घडणीचं साहित्य वारली पाड्यातल्या मुलांना पुरवणं शक्यच नव्हतं. त्यांनी शिंपले घेतले, बिया घेतल्या, पानं घेतली, दगड घेतले. शाळा मुलांच्या अंगणात नेली, त्यातून अंगणवाडी आली. हे सगळं काटकसरीपोटी झालं असं म्हणतात. मला त्यात वेगळाच फायदा दिसतो. पिंपळाच्या पानाला तक्त्यात जागा नाही. आपट्याच्या पानाला नाही, चिंचोक्यालाही नाही. नाव तयार नसलं की मुलाला पाठांतर करता येत नाही आणि मग नाइलाजानं त्याला बघावं लागतं. दोन पानं एका ढिगात का टाकली, हे सांगताना ‘याला टोक आहे, याला पण टोक आहे’ असं जे पोर म्हणतं, त्याचं वर्गीकरण सुरू झालेलं असतं. इंग्रजी नावं धडाधड म्हणणारं पोर कदाचित अजून तिथं पोचलेलंही नसेल.

वर्गीकरण हा शब्द मी सहज वापरला खरा, पण त्यात मुलांची आणि आपली मतं फारशी जुळत नाहीत. मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बेर्बेल इनहेल्डर यांनी लहान मुलांपुढं रंगीत आकार ठेवले आणि सारखे सारखे एकत्र करायला सांगितलं. अगदी लहान मुलांनी त्यांची घरं बांधली, आगगाड्या केल्या. चौरसाशेजारी चौरस ठेवता ठेवता वर त्रिकोण ठेवायचा मोह आवरत नाही, कारण घराला छप्पर लागतं. आमच्या नातीची पद्धत याहून संसारी आहे. पुठ्ठ्याचे आकार वेगळे करायला सांगितले तर तिनं प्रत्येक ढिगात एक मोठा चौरस, एक वर्तुळ आणि दोन-तीन चिल्लर त्रिकोण ठेवले. हे काय? ‘हे एक घर, हे दुसरं घर.’ सगळी वर्तुळं एका ढिगात का नाहीत? तिनं थोडा विचार केला. ‘मग ते होस्टेल होईल.’

मी विद्यापीठात असतो तर या उत्तराला पैकीच्या पैकी गुण दिले असते. तिच्याकडे नियम आहे, तो ती सगळीकडे लावते आणि आपला नियम तिच्यापेक्षा श्रेष्ठ का, हे सिद्ध करायची जबाबदारी आता आपल्यावर आहे.

ती जबाबदारी पार पाडायला आमच्याकडे शंकरपाळ्या आहेत. शंकरपाळ्यांची पोळी लाटली की ती गोल असते. त्यावर कातण्यानं एका दिशेला समांतर रेघा ओढायच्या, मग तिरक्या दिशेनं दुसऱ्या. दोन्ही वेळा अंतर सारखं ठेवलं की मधे समभुज चौकोनच पडतात, दुसरं काही पडूच शकत नाही. हात घसरून एका दिशेचं अंतर वाढलं की समांतरभुज चौकोन. रेघा एकमेकींना काटकोनात ओढल्या तर चौरस होतात, पण चौरस शंकरपाळी आमच्या घरात शंकरपाळी मानली जात नाही, तिला बिस्किट म्हणतात. आणि कडेला उरतात ते तुकडे: एक बाजू वाकडी असलेले त्रिकोण, कापलेले कोपरे, नाव नसलेले नमुने. घरातली मुलं या कडेच्या तुकड्यांवर टपून असतात. कारण विचारलं तर सांगतात, ‘ते कुरकुरीत होतात.’ ते खरंही आहे. पण मला वाटतं, डब्यातल्या शेकडो एकसारख्यांपेक्षा हे वेगळे दिसतात म्हणूनही ते हवे असतात. डबा भरताना मात्र आई मधल्या तुकड्यांनाच मान देते. वर्गीकरणात हेतू शिरतो तो असा.

पोळीवरून आठवलं. पोळी वर्तुळ आहे का? पाठ्यपुस्तक म्हणतं, वर्तुळ म्हणजे केंद्रापासून सारख्या अंतरावरच्या बिंदूंची ओळ. म्हणजे बांगडी वर्तुळ, पोळी नुसती चकती. मुलांना हे पटत नाही. बांगडीत तर मधे काहीच नाही, मग ती वर्तुळ कशी? गंमत म्हणजे सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा युक्लिड इथं मुलांच्या बाजूनं उभा राहतो. त्याच्या व्याख्येतलं वर्तुळ म्हणजे एका रेषेनं वेढलेली आकृती, आतल्या जागेसकट. पोळी पास, बांगडी नापास.

आणि युक्लिड असा एकदाच फितूर झालेला नाही. सातवी-आठवीत पोचलेल्या प्रत्येक मराठी मुलाला एक धक्का बसतो: चौरस हा आयत असतो. इतकी वर्षं भिंतीवर शेजारी शेजारी राहणारी ही दोन माणसं, आणि आता सांगतात की यातला एक दुसऱ्यातच मोडतो. मुलं चिडतात. ‘मग दोन नावं कशाला?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. युक्लिडनं आपल्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभी चौकोनांची वाटणी केली, तेव्हा चारही बाजू समान आणि सगळे काटकोन तो चौरस आणि काटकोन आहेत पण बाजू समान नाहीत तो लांबट चौकोन, अशी सरळ फारकत केली. त्याच्या घरात चौरसाला आयताच्या खोलीत प्रवेश नाही. त्याच्याही आधी यज्ञवेदी दोरीनं आखणाऱ्या आपल्या शुल्बसूत्रकारांनी समचतुरस्र वेगळा आणि दीर्घचतुरस्र वेगळा, असंच मांडलं. हीच युक्लिडची भूमिती सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अरबीतून संस्कृतात आणली, ‘रेखागणित’ या नावानं. म्हणजे चौरस आयत नाही असं म्हणणारं साडेचार वर्षांचं पोर ग्रीक, अरब आणि संस्कृत पंडितांच्या पंगतीला बसलेलं आहे.

मग आजचं पुस्तक असं का म्हणतं? त्यातला स्वार्थ मला फार उशिरा कळला आणि कळल्यावर आवडला. आयताचे कर्ण सारख्या लांबीचे असतात हे एकदा सिद्ध केलं की चौरसासाठी तेच पुन्हा लिहावं लागत नाही. समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात हे एकदा दाखवलं की आयत, चौरस, समभुज चौकोन, सगळ्यांचं काम होऊन जातं. हा सगळा आळसाचा डौलदार कारभार आहे. हे मुलांना असंच सांगितलं तर त्यांना चटकन पटेल, कारण गृहपाठ वाचवण्याची विद्या त्यांना उपजत असते. त्याऐवजी आपण ‘प्रत्येक चौरस आयत असतो पण प्रत्येक आयत चौरस नसतो’ हे वाक्य घोकून घेतो आणि परीक्षेत रिकामी जागा भरायला देतो. बरं, हा उदार नियम तरी सगळीकडे लावावा. समलंब चौकोनापाशी आलं की आपलं पुस्तक एकदम कडक होतं: संमुख बाजूंची एकच जोडी समांतर हवी. दुसरी जोडी समांतर निघाली की बाहेर. चौरसाला आयतात घेणारे आपण समांतरभुजाला समलंबात घेत नाही. हुशार मूल इथं ‘का?’ विचारतं आणि बाई ‘पुस्तकात तसं आहे’ म्हणतात. खरं उत्तर असं, की व्याख्या माणसांनी सोयीसाठी केलेल्या असतात आणि दुसरी सोय दिसली तर दुसरी व्याख्या करता येते. हे उत्तर चौथीतल्या मुलालाही कळतं. अडचण एवढीच, की ते कळलेलं मूल पुढं इतर नियमांबद्दलही विचारू लागतं.

चौकोनांवरून सगळ्यात जास्त संताप आपल्याच मुलखातल्या एका थोर गणितज्ञानं केलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांच्या नातवानं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, ते भास्कराचार्य. 1150 सालच्या त्यांच्या ‘लीलावती’त ते चौकोनाच्या क्षेत्रफळाशी येतात आणि म्हणतात, नुसत्या चार बाजू सांगून, कर्ण किंवा लंब न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि त्याला उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच. गणिताच्या पुस्तकात विद्यार्थी आणि शिक्षक यांना एकाच दमात पिशाच म्हणण्याचा हा प्रसंग विरळाच.

त्यांचा राग समजून घ्यायला काडेपेटी पुरते. पुण्यातल्या आयुकाच्या विज्ञान केंद्रात कचऱ्यातून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी ही युक्ती घरोघरी पोचवली: आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. नळीचे तुकडे सांधे म्हणून लावायचे. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि चिमटीत दाबा. तो हलत नाही. चार काड्यांचा चौरस करा आणि हळूच ढकला. तो कलतो, चौकट होतो, आणखी कलतो, शेवटी चपटा होतो. काड्या त्याच, बाजू त्याच, आतली जागा मात्र गडप. आमच्या नातीनं हे करून पाहिलं आणि जाहीर केलं, ‘चौरस झोपला.’ आता बाजू चारही सारख्या आहेत, तर क्षेत्रफळ किती सांगायचं? झोपलेल्याचं की जागं असलेल्याचं? पिशाच कोण, ते इथं कळतं. मग त्याच चौरसात एक काडी तिरकी घालायची. ती कमी पडते. कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, हे तेव्हा हाताला समजतं. मोठी काडी मोडून बेताची करून बसवली, की झोपलेला चौरस ताठ उभा राहतो आणि पुन्हा पडत नाही, कारण आता ते दोन त्रिकोण असतात. कौलारू घराच्या कैचीत, रेल्वेच्या लोखंडी पुलात, विजेच्या मनोऱ्यात त्रिकोणच त्रिकोण का दिसतात, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही. पुलावरून गाडी जाताना पोर खिडकीतून स्वतःच ओरडतं, आणि त्या पुलातले निम्मे त्रिकोण टोकावर उभे असतात.

नात आता फिरवलेल्या पुठ्ठ्याला काय म्हणते, असं विचाराल तर अजूनही चौकटच म्हणते. मी हट्ट सोडला आहे. काड्यांशी तिची ओळख झाली आहे, तेवढं सध्या पुरे. घाई करून तिच्याकडून ‘चौरस’ वदवून घेतलं तर ती म्हणेलही. पोरं मोठ्यांच्या समाधानासाठी बरंच काही म्हणतात.

तुळशीचं लग्न झालं की तुमच्याकडे लग्नपत्रिका येऊ लागतील. त्यातली एक जाडसर निवडा. गणपती आधी कापून बाजूला ठेवा, तो टाकवत नाही. उरलेल्या पुठ्ठ्याचे त्रिकोण कापा: एक सडपातळ, एक पसरट, एक काटकोनी, एक अगदीच वेडावाकडा. एखाद्याची बाजू मुद्दाम वाकडी ठेवा, म्हणजे भांडायला विषय राहील. ते जमिनीवर फेका आणि पडतील तसे राहू द्या. मुलाला ‘हा कुठला आकार?’ असं विचारू नका. ‘यातले कुठले एकत्र ठेवशील, आणि का?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. कात्री चालवण्यापूर्वी पत्रिकेवरची तारीख आणि कार्यालयाचा पत्ता तेवढा लिहून घ्या.